इंग्रजीच्या तासाला ब्रेनस्टॉर्मिंग: साठ मुलांच्या वर्गात ते नेमकं कसं घ्यायचं

फळ्यावर मधोमध 'पोल्यूशन' लिहायचं, भोवती गोल काढायचा आणि वर्गाला विचारायचं, "व्हॉट कम्स टू युवर माइंड?" पहिल्या बाकांवरची चार मुलं 'एअर', 'वॉटर', 'नॉइज', 'स्मोक' असं ओरडतात, शिक्षक ते शब्द बाणांनी जोडतात आणि उरलेला वर्ग ते जाळं वहीत उतरवून घेतो. मग निबंध लिहायला सांगितला की चारच मुलं काहीतरी लिहितात. बाकीच्यांच्या वह्या कोऱ्या राहतात, नाहीतर गाइडमधला निबंध त्यांत उतरतो. मराठी माध्यमाच्या कितीतरी वर्गांत ब्रेनस्टॉर्मिंग (एका प्रश्नावर सुचतील तेवढ्या कल्पना काढणं) या नावाखाली हेच चालतं, आणि मग "आमच्या मुलांना जमत नाही" असा निष्कर्ष निघतो. मुलांना जमतं. कामाचा क्रम चुकलेला असतो.

परक्या भाषेच्या तासाला मूल गप्प बसतं त्याची कारणं वेगवेगळी असतात. त्याला काही सुचलेलं नसतं, किंवा सुचलेलं असतं पण इंग्रजी शब्द नसतो, किंवा शब्दही असतो पण सगळ्यांसमोर चुकायची भीती असते. "सांगा पाहू" असं थेट विचारलं की सुचणं, शब्द शोधणं आणि चारचौघांत बोलणं ही तिन्ही कामं एका क्षणात मागितली जातात. ती सुटी करायची आणि एकामागून एक घ्यायची: आधी एकट्यानं, कागदावर, हव्या त्या भाषेत सुचवणं; मग जोडीत शब्द शोधणं; मग फळा; आणि फळ्यावर जे जमलं त्याचा त्याच तासाला लेखनात किंवा बोलण्यात वापर. यातला शेवटचा टप्पा राहिला तर आधीचा सगळा वेळ वाया गेला असं समजा.

"एकट्यानं आधी" हे आमच्या आवडीनिवडीचं नाही. ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातल्या ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी रूढ केली. त्यांचे चार नियम होते: टीका नको, वेडगळ कल्पनाही चालतील, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवा. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी तपासून पाहिलं तेव्हा चार जणांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेल्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता सुचलेलं विसरतं किंवा मागे पडतं. हे प्रयोग मातृभाषेत बोलणाऱ्यांवरचे होते. परक्या भाषेत वाक्य जुळवत बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलावर या थांबण्याचा भार किती पडत असेल याचा विचार करा. गट नको असं यातून निघत नाही. गटात बसण्याआधी प्रत्येकाच्या हातात स्वतःचं काहीतरी लिहिलेलं हवं, एवढंच निघतं.

प्रश्न कसा निवडायचा

निम्मा तास प्रश्नातच जिंकला किंवा हरला जातो. 'पोल्यूशन', 'माय कंट्री', 'इम्पॉर्टन्स ऑफ ट्रीज' हे नुसते विषय झाले. विषय दिला की मुलं पाठ असलेले शब्द काढतात. त्याऐवजी एक माणूस, एक अडचण आणि "काय काय होतं?" किंवा "काय काय करता येईल?" अशी मांडणी करा. 'वॉटर' ऐवजी: तुमच्या गल्लीत उद्यापासून एक दिवसाआड पाणी येणार आहे, घरात काय काय बदलेल? 'हेल्थ' ऐवजी: आजी पहिल्यांदाच एकटी दवाखान्यात चालली आहे, तिला कोणत्या सूचना द्याल?

प्रश्न वर्गात नेण्यापूर्वी स्वतः घड्याळ लावून एक मिनिट उत्तरं लिहा. आठ वेगवेगळी उत्तरं सहज आली तर प्रश्न चालेल. तीन-चारच आली तर तो अरुंद आहे. सगळी उत्तरं एकेका नामाची आली, म्हणजे 'बकेट', 'टँक', 'टॅप', तर प्रश्नात क्रियापद घाला: "व्हॉट विल युवर फॅमिली डू?" असं विचारलं की 'स्टोअर वॉटर', 'गेट अप अर्ली', 'वॉश क्लोद्स ऑन संडे' असे तुकडे येतात. या तुकड्यांतून वाक्य बनतं, नुसत्या नामांतून बनत नाही. हा फरक आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ज्याचं एकच बरोबर उत्तर आहे ते ब्रेनस्टॉर्मिंगला घेऊ नका. पत्राचा साचा, कर्मणी प्रयोगाचा नियम, धड्यातल्या घटनांचा क्रम हे सरळ शिकवा. "सांगा, औपचारिक पत्रात काय काय असतं?" असं विचारून दहा मिनिटं घालवण्यापेक्षा साचा फळ्यावर काढून द्यावा आणि वाचलेला वेळ पत्रात काय लिहायचं यावर खर्च करावा.

अकरावी-बारावीला शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना. इंग्रजी युवकभारतीच्या २०१९ आणि २०२० मध्ये आलेल्या पुस्तकांत धड्याच्या आधी 'आइस ब्रेकर्स' आणि धड्याखाली 'ब्रेनस्टॉर्मिंग' अशी शीर्षकं आहेत. धड्याखालच्या भागात आकलन, शब्दसंपत्ती, व्याकरण, लेखन असे सगळ्या प्रकारचे प्रश्न येतात. शीर्षक तसं असलं तरी त्यातला प्रत्येक प्रश्न या पद्धतीनं घेण्याजोगा नाही. ज्याला अनेक उत्तरं संभवतात तेवढेच निवडा. त्यातले पुष्कळसे खरं तर धड्याआधी, 'आइस ब्रेकर्स'मध्येच सापडतील.

पस्तीस मिनिटांचा एक तास, मिनिटागणिक

उदाहरण घेऊ नववी-दहावीच्या तक्रारपत्राचं. प्रश्न: सकाळची एसटी आठवड्यातून दोन-तीनदा उशिरा येते. आगार व्यवस्थापकांना पत्र लिहायचं आहे. बस उशिरा आली की काय काय होतं? साहित्य: पाठकोऱ्या कागदाचे चौथाई तुकडे, मुलांच्या संख्येइतके; खडू दोन रंगांचे; सेकंद दिसणारं घड्याळ. तास सुरू होण्यापूर्वी फळ्यावर उभी रेघ मारून दोन भाग करा. डावीकडे दोन तृतीयांश जागा कल्पनांसाठी, उजवीकडे एक तृतीयांश शब्दांच्या मदतीसाठी.

पहिली तीन मिनिटं प्रश्न समजावण्यात जातात. फळ्यावर "द मॉर्निंग बस इज ऑफन लेट. व्हॉट हॅपन्स?" असं लिहा आणि एकच नमुना उत्तर द्या: "वी मिस द प्रेयर." एकच द्या. तीन नमुने दिले की वर्ग त्या तिन्हींचीच रूपं काढत बसतो.

पुढची तीन मिनिटं पूर्ण शांतता. प्रत्येकानं कागदावर निदान चार गोष्टी लिहायच्या; इंग्रजी येईल तिथे इंग्रजी, नाही तिथे मराठी. स्पेलिंग पाहिलं जाणार नाही हे आधीच सांगा आणि खरोखर पाहू नका. या तीन मिनिटांत शिक्षकानं बोलायचं नाही. पहिल्या मिनिटाला मुलं इकडेतिकडे बघतात, तेव्हा "अरे लिहा की" म्हणण्याचा मोह होतो. तो टाळा. लिहिणं बहुतेकदा दुसऱ्या मिनिटात सुरू होतं.

मग चार मिनिटं जोडी. शेजारच्याचा कागद वाचायचा, सारखं असेल ते खोडायचं, मराठीत असलेल्या गोष्टींना दोघांनी मिळून इंग्रजी शोधायचं. न सापडलेल्या शब्दासाठी एक बोट वर करायचं. शिक्षक फिरतो आणि सांगितलेला शब्द उजव्या बाजूला लिहितो. शब्द फक्त एका जोडीला कानात सांगू नका, कारण तोच शब्द आणखी दहा जोड्यांना हवा असतो. या प्रश्नाला हमखास मागितले जाणारे शब्द म्हणजे काळजी, गर्दी, अंधार, चाचणी, सवलतीचा पास. वडापला मात्र इंग्रजीत नेमका शब्द नाही, तिथे 'शेअर्ड जीप' द्या.

आठ मिनिटं फळ्यावर गोळा करायला. इथे हात वर करायला लावू नका. रांगेनं जा, प्रत्येक जोडीकडून एकच गोष्ट, जी फळ्यावर अजून नाही. प्रत्येक नोंदीला क्रमांक द्या. पुढे हे क्रमांक फार कामाला येतात. बारा ते पंधरा नोंदी झाल्या की थांबा. ज्यांची वेळ आली नाही त्या जोड्यांना पुढच्या टप्प्यात आधी विचारा. सुरुवात दर वेळी वेगळ्या रांगेपासून करा, आणि शेवटच्या बाकांपासून केली तर उत्तमच, कारण सोप्या गोष्टी पहिल्या जोड्यांच्या वाट्याला येतात आणि ज्यांना सोप्याचीच गरज आहे ती मुलं बहुधा मागे बसलेली असतात.

एखादं मूल म्हणालं, "बस इज नॉट कम ऑन टाइम," तर काय करायचं? ऑस्बॉर्न यांचा नियम टीका करू नका असं सांगतो. पण भाषेच्या वर्गात चुकीचं वाक्य फळ्यावर गेलं की ते साठ वह्यांत जातं. म्हणून तोंडानं काही न बोलता फळ्यावर "द बस डझ नॉट कम ऑन टाइम" असं लिहा, मान डोलवा आणि पुढे चला. कल्पना त्या मुलाची राहते, रूप बरोबर होतं, अपमान कुणाचाच होत नाही. मूल मराठीतच म्हणालं, "पहिला तास बुडतो," तर ते मराठीतच डाव्या बाजूला लिहा आणि वर्गाला विचारा, "हू कॅन हेल्प?" आता वाट बघायची. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात दिसलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि ते थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं तर उत्तरं लांब होतात आणि अधिक मुलं बोलतात. परक्या भाषेसाठी आम्ही मनात सातपर्यंत मोजा असं सांगू.

पाच मिनिटं वर्गीकरण. नवीन काही लिहायचं नाही, क्रमांकांवरच काम. "विच नंबर्स आर अबाउट स्टडीज?" तीन, पाच, अकरा. त्यांना एका रंगानं खूण. सुरक्षिततेच्या नोंदींना दुसऱ्या रंगानं. पैसे आणि त्रास यांना चौकोन. मग खरा प्रश्न: यातल्या कोणत्या तीन गोष्टी वाचून आगार व्यवस्थापक हलतील? 'वी गेट बोअर्ड' गळतं, 'गर्ल्स वेट अलोन बिफोर सनराइज' टिकतं. निवडताना मुलं जे बोलतात ते प्रेक्षक ओळखून लिहिण्याचं शिक्षण आहे. ते मराठीतून झालं तरी चालेल.

सात मिनिटं भाषेला. निवडलेल्या नोंदींची वाक्यं करायची. एकच चौकट निवडून ती पक्की करा, तीन-तीन देऊ नका. या प्रश्नात मराठी '-आवं लागतं' सतत येतं: थांबावं लागतं, चालत जावं लागतं, पास असून पैसे द्यावे लागतात. त्या सगळ्यांना इंग्रजीत 'हॅव टू' पुरतं: "वी हॅव टू वेट," "वी हॅव टू वॉक," "वी हॅव टू पे फॉर अ जीप." ही एक चौकट हाती आली की मुलं एका दमात पाच-सहा वाक्यं करतात. पुढच्या पत्राला 'ड्यू टू धिस' किंवा 'ॲज अ रिझल्ट' घ्या.

शेवटची पाच मिनिटं लेखन. पूर्ण पत्र नाही, फक्त मधला परिच्छेद, चार वाक्यं. तीन वाक्यं फळ्यावरून घेतलेली चालतील, चौथं स्वतःच्या कागदावरचं, फळ्यावर नसलेलं. साचा, पत्ता आणि शेवट घरी. बोर्डाच्या परीक्षेत पुष्कळदा मुद्दे किंवा जाहिरात दिलेलीच असते, मग हे कशाला, असं काही जण विचारतील. दिलेल्या मुद्द्याचं दोन-तीन वाक्यांत रूपांतर करणं तिथेही लागतं, आणि मुद्दे जसेच्या तसे उतरवणारी मुलं तिथेच गुण घालवतात.

हजेरीत आणि आरडाओरड शांत करण्यात पाच मिनिटं गेली तर गोळा करण्याची वेळ आठवरून पाचवर आणा, वर्गीकरण पाचवरून तीनवर. शांत तीन मिनिटं आणि लेखनाची पाच मिनिटं कापू नका.

भाषांतर जिथे अडतं

कल्पना मराठीत सुचू द्यायच्या म्हटलं की मराठी वाक्यरचना इंग्रजीत शिरणार. ती कुठे शिरते हे आधीच माहीत असेल तर तयारी करता येते. मराठीत बस चुकते, तास बुडतो, ताप येतो, पाऊस पडतो, म्हणजे ती ती गोष्टच कर्ता होते. मुलं म्हणून "द बस मिस्ड" किंवा "फीव्हर केम टू मी" असं लिहितात. इंग्रजीत तिथे माणूस पुढे येतो: "वी मिस्ड द बस," "आय हॅड अ फीव्हर." पावसाला मात्र 'इट' लागतं: "इट वॉज रेनिंग." 'मला काळजी वाटते', 'मला भूक लागली' यांतही तेच: मराठीतलं 'मला' इंग्रजीत 'टू मी' न होता 'आय' होतं. 'परीक्षा देणे' वरून "गिव्ह द एक्झाम" येतं. भारतात ते सर्रास ऐकू येतं, पण लिहिताना 'टेक' शिकवलेलं बरं. 'चर्चा करणे' वरून "डिस्कस अबाउट" येतं, त्यातलं 'अबाउट' काढायचं.

हे सगळं एका तासाला सांगायचं नाही. प्रश्न ठरवताना स्वतः लिहिलेल्या आठ उत्तरांत यातली कोणती जागा येते ते पाहा आणि फक्त तेवढी एक सात मिनिटांच्या टप्प्यात घ्या.

मराठी कुठे चालेल आणि कुठे नाही, याचा नियम मुलांना स्पष्ट माहीत हवा. कागदावर आणि जोडीत चालेल. फळ्यावर मराठी आली तर ती इंग्रजीत नेऊनच पुढे जायचं. वहीतला परिच्छेद इंग्रजीतच. शिक्षकाच्या सूचना मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत, त्याच त्या पाच-सहा वाक्यांत: "राइट अलोन," "नाउ शेअर," "वन आयडिया फ्रॉम ईच पेअर," "से इट अगेन," "स्टॉप." रोज तीच वाक्यं ऐकून ती आपोआप पक्की होतात. मेळघाटातली कोरकू बोलणारी, गडचिरोलीतली गोंडी किंवा माडिया बोलणारी, सोलापुरातली तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं असतील तर त्यांना पहिल्या टप्प्यात त्यांच्या घरच्या भाषेत लिहू द्या आणि जोडी त्याच भाषेच्या मुलाशी लावा. त्यांच्यासाठी मराठीही आधी शिकावी लागलेली भाषा आहे. मराठीतून इंग्रजीत जा असं म्हणणं म्हणजे त्यांना दोन उंबरे ओलांडायला लावणं.

आणखी काही प्रकार

कागद फिरवणं हा मोठ्या वर्गाला सगळ्यात मानवणारा प्रकार. मुळात तो जर्मनीत बेर्न्ड रोरबाख यांनी १९६८ मध्ये मांडला: सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटांनी कागद पुढे, सहा फेऱ्यांत १०८ कल्पना. शाळेत हे प्रमाण झेपत नाही. सलग दोन किंवा तीन बाकांवरची सहा मुलं घ्या, प्रत्येकानं दोन गोष्टी लिहायच्या, फक्त तीन फेऱ्या. वेळ दोन, तीन आणि चार मिनिटं अशी वाढवत न्या, कारण प्रत्येक फेरीत वाचायचं वाढतं. छत्तीस नोंदी होतात आणि गोंगाट जवळजवळ शून्य. तिसऱ्या फेरीला पुष्कळ मुलं अडतात: नवीन काही उरत नाही. त्यांना आधीच्या कुणाच्या तरी ओळीला 'बिकॉज' जोडून कारण लिहायची मुभा द्या. दहा-पंधरा मिनिटांत मुलांनी एकमेकांचं इंग्रजी वाचलेलं असतं, हा यातला खरा फायदा. एक अडचण अक्षराची: वाचता न येणाऱ्या कागदावर साखळी तुटते. सुरुवातीलाच "सुटं आणि मोठं अक्षर" एवढी एकच अट घाला.

वाचनापूर्वीचा अंदाज. नवीन धड्याचं शीर्षक आणि चित्र दाखवा, बाकी पान झाका. जोडीनं दहा शब्द लिहायचे जे धड्यात येतील असं वाटतं. मग धडा वाचताना सापडलेल्या शब्दांवर खूण. एकूण सात मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. खुणा किती झाल्या याला फारसा अर्थ नाही. न आलेले शब्द घ्या आणि विचारा, हा शब्द इथे का आला नसेल? या एका प्रश्नानं मुलं धड्यात परत शिरतात. आधी मराठीत गोष्ट सांगून मग धडा वाचायची सवय असेल तर ही कृती जमणार नाही, अंदाज करायला काही शिल्लकच राहत नाही.

उलटा प्रश्न पाचवी ते आठवीला चांगला चालतो. "बस नक्की चुकावी म्हणून काय काय करायचं?" मुलं खुलतात: "स्लीप लेट," "हाइड युवर शूज," "डोन्ट पॅक युवर बॅग." सगळी आज्ञार्थी वाक्यं, आणि चुकायची भीती जवळपास नाही, कारण उत्तर मुद्दामच वाईट द्यायचं असतं. दहा नोंदींनंतर त्या उलटवायच्या: "यू शुड पॅक युवर बॅग ॲट नाइट." उलटवणं राहिलं तर नुसता हशा होतो, म्हणून त्याला निम्मा वेळ ठेवा.

तिसरी-चौथीला लिहिण्यापेक्षा वस्तू हाती द्या. प्लास्टिकची रिकामी बाटली रांगेतून फिरवायची, ज्याच्या हातात येईल त्यानं "यू कॅन यूज इट ॲज अ..." हे वाक्य पुरं करायचं. पेनस्टँड, नरसाळं, झाडाला थेंब थेंब पाणी द्यायचं भांडं. पूर्ण वाक्य म्हटल्याशिवाय बाटली पुढे जात नाही. शब्द माहीत नसेल तर कृती करून दाखवायची आणि वर्गानं शब्द द्यायचा.

दोन्ही बाजू मांडायच्या लेखनात एक दोष पुन्हा पुन्हा दिसतो: मुलं एका बाजूच्या वाक्यांत 'नॉट' घालून दुसरी बाजू तयार करतात. शाळेत मोबाइल आणावा का, या विषयावर "मोबाइल इज युजफुल" आणि "मोबाइल इज नॉट युजफुल" एवढंच येतं. त्यावर उपाय म्हणजे बाजूंऐवजी माणसं वाटणं. एका रांगेनं लांबच्या वस्तीवरून येणाऱ्या मुलीच्या वतीनं लिहायचं, दुसरीनं मुख्याध्यापकांच्या, तिसरीनं मोबाइल घेणं न परवडणाऱ्या वडिलांच्या, चौथीनं चोरीची भीती असलेल्या वर्गशिक्षकांच्या. माणूस बदलला की कारणं खरोखर बदलतात आणि वाक्यांना विषय मिळतो.

बिघडतं कुठे

गटात एकच मूल लिहितं आणि बाकीचे बघतात: गटाला एक कागद दिला की हे होणारच, म्हणून कागद माणशी एक. फळा भरतो आणि तास संपतो: नोंदींची कमाल संख्या आधी ठरवलेली नव्हती. सगळी उत्तरं शिक्षकाच्या मनातल्या एका उत्तराकडे सरकतात: एखाद्या नोंदीला "व्हेरी गुड!" आणि दुसरीला नुसतं "हं" म्हटलं गेलं. मुलं हे क्षणात ओळखतात आणि तसंच सांगू लागतात. गोळा करताना प्रत्येकाला सारखंच "थँक यू" म्हणा, कौतुक निवडीच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. शेजारच्या वर्गातून गोंगाटाची तक्रार येते: हात वर करून ओरडण्याऐवजी रांगेनं जाणं आणि कागद फिरवणं यानं बहुतेक आवाज जातो.

आणि हुशार मुलांचं काय? त्यांना गप्प करू नका, वेगळं काम द्या. जोडीच्या टप्प्यात दोघे-तिघे उजव्या बाजूच्या शब्दांच्या यादीचे मदतनीस होतात, शब्दकोश त्यांच्याकडे. शिक्षकाला मागच्या बाकांपर्यंत जायला तेवढी मोकळीक मिळते.

दुसऱ्या दिवशीची पाच मिनिटं

फळा पुसण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा किंवा जुन्या कॅलेंडरच्या पानामागे नोंदी उतरवून घ्या. दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना कालच्या यादीतलं आठवेल ते दोन मिनिटं लिहायला सांगा, मग यादी दाखवा, राहिलेलं दुसऱ्या शाईनं भरू द्या. एवढ्यानं शब्द टिकण्यात फरक पडतो, आणि ही कृती करायला वेगळी तयारी लागत नाही.

वह्या तपासताना तीन गोष्टी मोजा. गोळा करताना किती वेगवेगळ्या मुलांचा आवाज आला. फळ्यावरचे किती तुकडे परिच्छेदात बरोबर वापरले गेले. आणि किती वह्यांत फळ्यावर नसलेलं एखादं वाक्य आहे. तिसरा आकडा वाढत नसेल, वीस-पंचवीस वह्यांत पहिलं वाक्य शब्दशः सारखं येत असेल, तर तुम्ही फळ्यावर वाक्यं पुरी करून देत आहात. पुढच्या वेळी डाव्या बाजूला फक्त क्रियापदाचे तुकडे लिहा, 'मिस द बस', 'वेट इन द रेन', आणि वाक्य मुलांवर सोडा. याउलट दुसराच आकडा कमी असेल तर नोंदी खूप झाल्या आणि भाषेची सात मिनिटं अपुरी पडली. नोंदी दहावर आणा.